आठवं सेमिस्टर रबाळ्याच्या कारखान्यात काढू का?

तारजोडणी | १४ ऑक्टोबर, रात्री ११.१०

नमस्कार. मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सातवं सेमिस्टर चालू आहे. राहायला भांडुपला. आमचं कॉलेज स्वायत्त आहे आणि आठव्या सेमिस्टरला दोन वाटा देतं. एक म्हणजे नेहमीसारखं कॉलेजात बसून इलेक्टिव्ह आणि प्रोजेक्ट. दुसरी म्हणजे पूर्ण सहा महिने कंपनीत काम. त्यात दोन विषय 'स्वयम'वर ऑनलाइन करायचे, महिन्यातून एकदा गाईडना लॉगबुक दाखवायचं आणि शेवटी व्हायवा.

मला रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीने होकार दिलाय. पीसीसी, एमसीसी, एपीएफसी असे एलटी पॅनेल बनवतात, म्हणजे कमी दाबाची वीज वाटणाऱ्या आणि मोटरी चालू-बंद करणाऱ्या (एमसीसी) पेट्या. कंपनी लहान आहे. स्टायपेंड महिना ८ हजार, आठवड्याचे सहा दिवस, सकाळी साडेआठ ते साडेपाच. म्हणजे भांडुपहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे आणि पुढे शेअर रिक्षा.

वर्गातल्या बऱ्याच जणांनी सहा आठवड्यांच्या ऑनलाइन इंटर्नशिप घेतल्यात. काही ठिकाणी तर पैसे भरले की सर्टिफिकेट मिळतं. बाबा म्हणतात, "शेवटचं सेमिस्टर आहे, शांतपणे डिग्री हातात घे, कारखाना पुढे जन्मभर आहेच." मला आतून जावंसं वाटतंय, पण जानेवारी ते मे या काळात कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या हुकतील याची भीती आहे. शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, मी एकटीच मुलगी असेन हीही एक गोष्ट आहे. कुणी असे सलग सहा महिने काढले असतील तर कृपया सविस्तर लिहा.

---

जुना_सँडविच | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

तुला तू म्हणतो, माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे.

मी ८०च्या दशकात मेकॅनिकलचा सँडविच डिप्लोमा केला. आजच्या मुलांना हा शब्द खाण्याचा वाटतो, पण तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये तो सर्रास होता. मध्ये मध्ये सहा-सहा महिन्यांच्या दोन टर्म कारखान्यात, बाकी वर्गात. माझ्या दोन्ही टर्म एलबीएस मार्गावरच्या एकाच कारखान्यात झाल्या. आता तिथे टॉवर उभे आहेत.

पहिल्या टर्मला मला टूलरूममध्ये टाकलं. फोरमननी माइल्ड स्टीलचा एक ठोकळा दिला आणि सांगितलं, सहाही बाजू काटकोनात आण. मशीन नाही, फक्त कानस. गुण्या लावायचा, ठोकळा खिडकीच्या उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा कानस. एक बाजू सरळ केली की शेजारची बिघडायची. नऊ दिवस लागले. तेव्हा मनात फार चिडलो होतो, इंजिनियरिंग शिकायला आलोय आणि हे काय. पुढे कॉलेजात परत गेल्यावर टॉलरन्सचा (मापात किती फरक चालतो त्याचा) धडा आला. सरांनी फळ्यावर ०.०२ लिहिलं तेव्हा वर्गात आम्हा तिघा-चौघांनाच माहीत होतं की ०.०२ हातात धरल्यावर कसं लागतं.

दुसऱ्या टर्मला त्याच फोरमननी विचारलं, "तो जिग (काम पकडून ठेवायचा साचा) झिजलाय, ड्रॉइंग काढून नवा करशील?" पहिल्या टर्मला त्यांनी मला हे कधीच विचारलं नसतं. माणसं तुम्हाला काम देतात ती तुम्ही टिकलात म्हणून. सहा आठवड्यांत कुणाचा विश्वास बसत नाही, त्यांचाही आणि आपलाही. माझं मत विचारशील तर जा.

---

कोड_आणि_कटिंग | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

मी वेगळं सांगतो, राग मानू नकोस. मीही इलेक्ट्रिकल केलं आणि आज आयटीत आहे. ८ हजारांत रोजचे अडीच-तीन तास प्रवास, शनिवारही कामावर. त्याच सहा महिन्यांत गेट परीक्षेची तयारी होते किंवा एखादी प्रोग्रॅमिंग भाषा पक्की होते. कोअर, म्हणजे आपल्याच शाखेच्या, कंपन्यांत सुरुवातीचा पगार किती असतो हे सीनियरना विचार. घरची परिस्थिती नोकरी लगेच हवी अशी असेल तर हा विचार आधी कर. आवड मोठी आहे, पण दमल्यावर आवडही दमते.

---

पालक_मुलुंड | १५ ऑक्टोबर, दुपारी १.०५

माझा अनुभव सांगते, म्हणजे काय विचारायचं ते कळेल. मुलगा दोन वर्षांपूर्वी असाच सहा महिने एका कंपनीत गेला. पत्रात लिहिलं होतं 'प्रॉडक्शन इंजिनियरिंग'. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून एका एसी केबिनमध्ये बसवून जुन्या चलानांचे आकडे एक्सेलमध्ये भरून घेतले. एक महिना गेला, दोन गेले, त्याला वाटत राहिलं पुढच्या आठवड्यात शॉपवर पाठवतील. चौथ्या महिन्यात त्याने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "तिकडे माणसं पुरेशी आहेत." कॉलेजचे गाईड फोनवरच "सगळं ठीक ना?" विचारायचे आणि तो 'हो' म्हणायचा, कारण आठवं सेमिस्टर त्याच पत्रावर अडकलेलं.

जायच्या आधी लेखी घे: कुठल्या महिन्यात कुठला विभाग, तुझा मेंटर कोण, आणि मुलाखत असेल त्या दिवशी सुट्टी मिळणार का. हे लिहून द्यायला जे तयार नाहीत त्यांच्याकडे जाऊ नकोस.

---

वॉटर्लूकर | १५ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मी मूळची मुलुंडची, आता कॅनडात वॉटर्लूला. मुलगा इथल्या विद्यापीठात मेकॅनिकलला आहे. हे विद्यापीठ १९५७मध्ये सुरूच झालं ते को-ऑप पद्धतीने. चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, पुन्हा वर्ग. इंजिनियरिंगची बहुतेक मुलं अशा सहा वर्क टर्म करतात, त्यामुळे पदवीला पावणेपाच वर्षांच्या आसपास लागतात. प्रत्येक टर्मला मालक लेखी मूल्यमापन देतो. कंपन्यांच्या जागा विद्यापीठाच्या पोर्टलवर येतात, तरी मुलाखत देऊन जागा मिळवायची असते मुलालाच.

कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटीला हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६मध्ये २७ विद्यार्थ्यांवर सुरू केली. एक आठवडा कॉलेज, एक आठवडा कारखाना, अशा जोड्या करून. एक मुलगा वर्गात तेव्हा त्याचा जोडीदार मशीनवर.

सँडविच काका जे म्हणतात तेच मी घरात पाहते. पहिल्या वर्क टर्मनंतर मुलगा परत वर्गात गेला तेव्हा त्याचे प्रश्न बदलले होते. काम आणि वर्ग यांची ही अदलाबदल हाच या पद्धतीचा गाभा आहे. आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरला पाठवतात, मग परत वर्गात यायला वर्गच उरत नाही. ही मोठी उणीव आहे, आणि ती तुझ्यासारख्या मुलांनी कॉलेजला सांगायला हवी.

---

पिलानीचा_पाहुणा | १५ ऑक्टोबर, रात्री १०.३०

आपल्या देशातही आहे की. पिलानीच्या बिट्समध्ये १९७३पासून प्रॅक्टिस स्कूल आहे. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने आणि शेवटी साडेपाच महिने. विद्यापीठाचा शिक्षक तिथे लक्ष घालतो. पालक_मुलुंड यांनी सांगितलेला 'सगळं ठीक ना' वाला प्रकार टाळायचा तर शिक्षकाने तिथे जाऊन बघायलाच हवं.

---

एचआर_वागळे | १६ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एचआरला आहे. इथे दोन-तीन गोष्टींची गल्लत होते आहे (मला व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोपही आले), म्हणून लिहितो.

इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप वेगळ्या. अप्रेंटिसशिपला १९६१चा कायदा आहे. डिग्री झाल्यावर वर्षभर ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून जाता येतं. केंद्राच्या 'नॅट्स' योजनेखाली ते चालतं, पश्चिम विभागाचं मंडळ इथे शीवलाच आहे. २०१९च्या नियमांत पदवीधराला किमान ९ हजार आणि डिप्लोमावाल्याला ८ हजार धरले होते, त्यातला अर्धा वाटा सरकार उचलतं. त्या करारात काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

तुझी इंटर्नशिप कॉलेजच्या पत्रावर आहे, तिला हे संरक्षण आपोआप लागू होत नाही. तू जिथे जातेस तिथे जिवंत विजेवर चाचण्या होतात. अपघात विमा कॉलेजचा आहे का, नसेल तर कंपनी काढते का, हे विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. हे विचारणारी मुलगी आम्हाला आगाऊ वाटत नाही, उलट बरं वाटतं.

कुणी तरी व्यनित पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुचवली. ती ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. आता अट काय आहे ते आधी बघून घे.

आणि पैसे भरून मिळणारी सर्टिफिकेटं: आम्ही ती बाजूला ठेवतो. मुलाखतीत मी एकच विचारतो, "तिथे तुझ्या हातून काय चुकलं?" ज्याने खरंच काम केलंय तो दहा मिनिटं बोलतो.

---

तारजोडणी | १६ ऑक्टोबर, रात्री १०.००

सगळ्यांचे खूप आभार. आज कंपनीत फोन करून विभागांचं विचारलं. त्यांनी मेलवर लिहून दिलं: दोन महिने वायरिंग, दोन महिने टेस्टिंग, दोन महिने डिझाईन. मुलाखतीसाठी चार दिवस सुट्टी. विमा कॉलेजचा निघाला, पण तो फक्त कॅम्पसपुरता. कंपनी स्वतः काढते म्हणाली. बाबांना एचआर_वागळे यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते अजून 'हो' म्हणाले नाहीत, पण 'नाही'ही म्हणाले नाहीत.

---

पहिली_पाळी | १७ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

मी महापेला सात वर्षं शॉपवर आहे. एकटी मुलगी असण्याबद्दल. रुजू होण्याआधी एकदा कारखाना बघायला जा आणि बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे ते स्वतः बघ. 'ऑफिसात आहे' म्हणाले तर शॉपपासून किती लांब ते चालून बघ. संकोच करू नकोस, सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

सेफ्टी शूज स्वतःच्या मापाचे विकत घे. स्टोअरमध्ये बहुतेक पुरुषांचीच मापं असतात आणि सैल बूट घालून दिवसभर उभं राहणं म्हणजे पायांची वाट. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. ओढणी नको, हातात-गळ्यात धातू नको, केस बांधलेले.

रेल्वेच्या पासचं आत्ताच लक्षात घे. विद्यार्थी सवलत घर ते कॉलेज एवढ्यालाच मिळते. रबाळ्यासाठी पूर्ण पैसे भरून पास काढावा लागेल, तिमाही काढलास तर थोडा स्वस्त पडेल. ८ हजारांचा हिशेब मांडताना हे धर.

---

तारजोडणी | १ फेब्रुवारी, रात्री ९.४५

बाबा डिसेंबरात 'हो' म्हणाले. ५ जानेवारीला रुजू झाले.

पहिला महिना फक्त फेरूल आणि लग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पॅनेलमधल्या प्रत्येक कंट्रोल वायरच्या दोन्ही टोकांना नंबराची एक छोटी नळी चढवतात, तिला फेरूल म्हणतात. मग टोक सोलायचं, लग (धातूचं छोटं टोक) बसवायचं, पंच करायचं (दाबून घट्ट करायचं) आणि हाताने ओढून बघायचं. सुटलं तर पुन्हा. आमचे वायरमन काका तार ओढताना लगकडे बघतही नाहीत, पंच नीट बसलाय की नाही ते त्यांना बोटांना कळतं. एका पॅनेलमध्ये अशा शेकडो तारा. सँडविच काका, तुमच्या ठोकळ्याची रोज आठवण येते.

कोड_आणि_कटिंग यांचं एक म्हणणं खरं ठरलं. घरी येते तेव्हा डोळे मिटत असतात. 'स्वयम'ची पहिली असाइनमेंट हुकली. आता सकाळी ठाणे ते रबाळे गाडीत व्हिडिओ बघते, कधी कधी बसायला मिळतं.

---

जुना_सँडविच | २ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

लॉगबुक रोजच्या रोज लिही. 'वायरिंग केलं' असं नको. किती तारा, काय अडलं, कुणी काय सांगितलं ते लिही.

---

तारजोडणी | १९ एप्रिल, रात्री ११.३०

आज खूप लिहायचं आहे.

मार्चपासून टेस्टिंगला आहे. एका पंपिंग स्टेशनचं एमसीसी पॅनेल ब्रेकर उशिरा आल्यामुळे जानेवारीपासून कोपऱ्यात उभं होतं. या आठवड्यात ते टेस्ट बेला, म्हणजे चाचणीच्या जागी, आलं. आधी मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायचं. त्याआधी सगळी इलेक्ट्रॉनिक मीटरं, टायमर काढून बाजूला करायचे, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजला ती जळतात. हे मी आता न विचारता करते. मेगर नीट आलं. मग फंक्शनल. एकेका पंपाचा फीडर (त्याला वीज देणारा भाग) चालू करायचा, ओव्हरलोड रिलेवरचं (जादा भार आला की पंप बंद पाडणारं साधन) टेस्टचं छोटं बटण दाबायचं, कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटला पाहिजे आणि दारावरचा पिवळा ट्रिपचा दिवा लागला पाहिजे.

एक नंबर बरोबर. दोन नंबरला कॉन्टॅक्टर सुटला, दिवा लागेना. बल्ब तपासला, चांगला. तीन नंबरला बटण दाबलं आणि दारावर दोन आणि तीन, दोन्ही दिवे लागले.

टेस्टिंगचे सर म्हणाले, "शोध." मी बझर (तार सलग आहे का ते आवाजाने सांगणारं साधन) घेऊन बसले. ड्रॉइंगमध्ये दोन नंबरच्या दिव्याची तार ६८, तीनची ८९. टर्मिनल ६८वर दाराकडून येणारी तारच नव्हती, ८९वर दोन होत्या. दोघींवरही फेरूल ८९चा. अडीच तास मी ड्रॉइंग चुकलंय असं धरून चालले होते. मग टर्मिनलमधून एक तार सोडवली, उजेडाला धरली आणि सहज बोटांत फिरवली. फेरूलवर आकडे इंग्रजी असतात, 89चं 68 झालं. फेरूल उलटा चढवला होता.

जानेवारीतलं लॉगबुक काढलं. त्या दाराचे फेरूल मी चढवले होते. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, '११ जानेवारी, एमसीसी दार, ५४ तारा, काही अडलं नाही.'

पॅनेल तसंच गेलं असतं तर? दोन नंबरचा पंप बंद पडला असता तेव्हा दारावर काहीच दिसलं नसतं. तीनचा पडला असता तेव्हा ऑपरेटरने दोन उघडून बघितला असता. मी सरांना जाऊन सांगितलं, माझ्या हातून झालंय. ते रागावले नाहीत. वायरमन काकांना बोलावलं आणि काका म्हणाले, "मी पण बघितलं नाही, नंबर वाचला आणि जोडली." मग त्यांनी दाखवलं: आडव्या तारेवर फेरूल डावीकडून वाचता आला पाहिजे, उभ्या तारेवर खालून वर. सगळे एकाच दिशेला असले की उलटा लगेच डोळ्यात खुपतो. ६ आणि ९च्या खाली रेघ असलेले फेरूल मिळतात, ते आता आमच्याकडे मागवलेत.

दोन महिन्यांचीच इंटर्नशिप असती तर मी ४ मार्चला निघून गेले असते. 'काही अडलं नाही' हेच माझ्या लॉगबुकात कायमचं राहिलं असतं. आज मला बाकी काही सांगायचं नाही.

---

एचआर_वागळे | २० एप्रिल, सकाळी १०.२०

हीच ती दहा मिनिटं. लॉगबुकाचं ते पान जपून ठेव.

---

पालक_मुलुंड | २० एप्रिल, दुपारी ३.४०

मुलाला वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला चुकायलाच मिळालं नाही, आई." मला फार लागलं ते.

---

तारजोडणी | २९ जून, रात्री ८.१५

गेल्या आठवड्यात व्हायवा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट उघडला तो फेरूलच्याच पानावर आणि अर्धा वेळ त्यावरच विचारत होते. कॅम्पसच्या दोन कंपन्या हुकल्या हे खरं आहे, एकीची मुलाखत नेमकी एका डिस्पॅचच्या दिवशी होती आणि मीच गेले नाही. त्याचं वाईट वाटतं. ऑनलाइनचा एक विषय जेमतेम सुटला. इथल्याच कंपनीने टेस्टिंगला राहायला विचारलंय, पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी आहे. अजून ठरवलं नाही.

वॉटर्लूकर, तुमचं म्हणणं गाईडना सांगितलं आणि सुचवलं: सहाव्या सेमिस्टरला पाठवा, म्हणजे परत वर्गात येऊन प्रश्न विचारता येतील. विभागाच्या बैठकीत मांडते म्हणाल्या.

---

नवी_कळवा | ३० जून, सकाळी ७.५५

ताई, मी सातव्या सेमिस्टरला जाणार आहे, इलेक्ट्रिकललाच. सगळा धागा रात्री वाचून काढला. कंपनीचं नाव व्यनिने सांगाल का? आणि तिथे पुढच्या वर्षी मुलगी घेतील का?

---

तारजोडणी | ३० जून, सकाळी ८.२०

व्यनि केलाय. घेतील, मी आजच सरांशी बोलते. स्वच्छतागृह आता शॉपशेजारी झालंय. तुझ्या पायाचं माप पाच असेल तर बूट विकत घेऊ नकोस, माझे अजून चांगले आहेत. ठाणे स्टेशनला आणून देईन.